जुन्या टिलरचा गिअरबॉक्स घरी बांधताना: सुट्या भागांआधी पाण्याची वाट शोधा

गिअरबॉक्स उघडला, झिजलेले गिअर आणि बेअरिंग बदलले, नवं ऑइल भरलं, आणि दोन हंगामांत आवाज परत आला. गोव्यात पेडण्यापासून केप्यापर्यंत जुना पॉवर टिलर बाळगणाऱ्यांची ही नेहमीची रड. दोष बहुतेक वेळा नव्या भागांचा नसतो. ज्या वाटेने चिखलपाणी आत गेलं, ती वाट तशीच ठेवून पेटी बंद केलेली असते. म्हणून या लेखात गिअरांपेक्षा ऑइल सील (शाफ्टभोवतीचं ऑइल अडवणारं रबरी कडं), ब्रीदर (पेटीची हवा आत-बाहेर जायची टोपी), पॅकिंग आणि शाफ्टची टोकं यांवरच जास्त भर आहे.

वर्णन १२-१३ अश्वशक्तीच्या, मागून चालत हाकायच्या, एका सिलिंडरच्या डिझेल टिलरचं आहे. इंजिनाकडून पट्ट्यांवर मुख्य क्लच, तिथून गिअरबॉक्स, त्याच पेटीत खाली दोन्ही बाजूंचे स्टिअरिंग क्लच, चाकांचे एक्सल आणि मागे रोटरी, म्हणजे माती फोडणारी फिरती पाती. कंपनी कामको असो वा व्हीएसटी, तत्त्व हेच. मात्र आतली मांडणी वेगळी असते आणि एकाचे भाग दुसऱ्यात बसत नाहीत. आपल्या मॉडेलचं पार्ट बुक हातात आल्याशिवाय पहिला बोल्टही सोडू नका. त्यातलं सुट्या भागांचं चित्र ही निम्मी मजुरी आहे.

## टप्पा १: उघडायची खरंच गरज आहे का?

बरेच गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात. आधी बाहेरून तपासा.

टिलर ओढत नाही, इंजिन मात्र फिरतं: पट्टे सैल आहेत का, मुख्य क्लचच्या प्लेटा झिजल्या आहेत का, क्लचच्या दांडीला पुरेशी चाल आहे का ते बघा. दाते तुटल्याशिवाय गिअर घसरत नाहीत. घसरतो तो पट्टा किंवा क्लच.

एका बाजूला वळत नाही: हँडलवरच्या त्या बाजूच्या मुठीची वायर आधी बघा. आतला तार गंजून अडकला असेल तर आतला क्लच सुटणार कसा?

एकच गिअर सुटतो: गिअर लिव्हरची खालची सांधणी झिजली असेल तर फोर्क (गिअर सरकवणारा आतला चिमटा) पूर्ण सरकत नाही. लिव्हर हाताने त्या गिअरमध्ये पूर्ण दाबून धरा आणि सपाटीवर चालवा. तरीही सुटला तर दोष आत आहे.

आवाज सगळ्या गिअरमध्ये येत असेल तर बेअरिंग, एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या जोडीचे दाते. हा ढोबळ ठोकताळा बराच वेळा बरोबर ठरतो.

आता ऑइल काढा. टिलर रात्रभर सपाटीवर उभा ठेवा आणि सकाळी इंजिन चालू न करता ड्रेन प्लग हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. पांढुरकं, दह्यासारखं ऑइल आलं तर पाणी घुसळून मिसळलेलं आहे. तळाशी बारीक करडा लगदा असणं साहजिक आहे. पण लोहचुंबक फिरवल्यावर चकाकते तुकडे, सुईसारखे कण किंवा दात्याचा कोपरा मिळाला तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा.

तपासा: ऑइलमध्ये पाणी आहे पण धातूचे तुकडे नाहीत आणि आवाजही नाही, तर गिअरबॉक्स न उघडता एक्सलची सील आणि ब्रीदर बदलून भागू शकतं. पण ऑइल दोनदा बदलावं लागेल. पहिलं धुण्यापुरतं, दुसरं कायमचं.

## टप्पा २: हंगाम, जागा आणि सामान

गोव्यात हे काम वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाची) चिखलणी आटोपल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढा. पावसात उघडलं तर धुऊन ठेवलेल्या गिअरवर रात्रीतून तांबूस गंज चढतो. मेच्या अखेरीस काढलं तर भाग येईपर्यंत आगोट (पावसाची सुरुवात) लागते आणि घाईत बंद केलेली पेटी पुन्हा उघडावी लागते.

जागा पडवीत किंवा शेडमध्ये हवी, खाली सिमेंटची जमीन हवी. चिऱ्यांच्या भिंतीलगत काम असेल तर भिंतीवर ओलं पोतं किंवा ताडपत्री बांधा. जांभ्याची लाल धूळ बेअरिंगमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. गिअरबॉक्स उघडा असताना त्या जागी केरसुणी फिरवू देऊ नका, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सावधान: टिलर चिऱ्यांवर टेकवू नका. चिरा दिसायला भक्कम, पण टोकावर भार आला की भुगा होऊन सरकतो. लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे वापरा. रोटरीसकट हे यंत्र चारशे किलोंच्या पुढे जातं.

हत्यारं: रिंग पाने आणि सॉकेट, टॉर्क पाना, आतल्या-बाहेरच्या दोन्ही सर्कलिपसाठी (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) प्लायर, बेअरिंग ओढून काढायला दोन किंवा तीन पायांचा पुलर, पितळेचा दांडा, रबरी हातोडा, व्हर्नियर, फट मोजायची फीलर गेज. उचलायला चेन ब्लॉक. तो भाड्याने मिळतो. मात्र ज्या वाशाला टांगणार तो वाळवीने पोखरलेला नाही ना, हे टोचून बघा. धुण्यासाठी डिझेल. पेट्रोल नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी लागायला वेळ लागत नाही. पुसायला जुनं सुती धोतर किंवा लुगडं उत्तम. टॉवेलचे धागे सुटतात आणि ब्रीदरमध्ये जाऊन बसतात.

सुटे भाग आधीच घेऊन ठेवायची घाई करू नका. फक्त पॅकिंगचा संच आणि ऑइल सील आणा, कारण ती कशीही बदलायचीच आहेत. बाकीचं मोजमाप झाल्यावर.

## टप्पा ३: बाहेरून धुणे आणि उतरवणे

सगळी घाण निघेपर्यंत धुवा, पण प्रेशर पंपाची धार ऑइल सीलवर आणि ब्रीदरवर मारू नका. तेवढ्या दाबाने सीलची ओठी उलटते आणि जे पाणी काढायला निघालो तेच आत ढकललं जातं. एक्सलभोवती गुंडाळलेलं गवत, पेंढा, नायलॉनची दोरी सुरीने कापून काढा. पाण्याची एक मोठी वाट इथेच दिसते: दोरी सीलच्या ओठीखाली शिरते, तिच्यामागून चिखल येतो आणि चिखल शाफ्टवर खाच पाडतो.

क्रम असा ठेवा:

१. यंत्राच्या पुढच्या भागाखाली, इंजिनाच्या चौकटीला पक्का आधार द्या. रोटरी निघाली की टिलर नाकावर पडतो. हा आधार बोल्ट सोडण्याआधी द्यायचा.

२. रोटरी काढा. तिची साखळी किंवा गिअर ज्या पेटीत आहेत तिचं ऑइल वेगळं असेल तर तेही काढा.

३. पट्ट्यांचा गार्ड, पट्टे, मग मुख्य क्लच. क्लचच्या प्लेटा डिझेलमध्ये बुडवू नका. कोरड्या क्लचला तेल लागलं की तो कायमचा घसरतो.

४. मुठींच्या वायरी, गिअरची दांडी, हँडल. प्रत्येक वायर सोडण्याआधी तिच्या नटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवा.

५. गिअरबॉक्सला साखळी लावून, चाकं काढून, पेटी चौकटीपासून सोडवा आणि टेबलावर घ्या.

दर टप्प्याला मोबाइलवर तीन फोटो: दुरून, जवळून, आणि बोल्ट जागेवर असताना. बोल्टची लांबी सगळीकडे सारखी नसते. पुठ्ठ्यावर झाकणाची रेघ काढून प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर ओतीव लोखंडाची पेटी तडकते, आणि ती चूक कोणी सहजासहजी दुरुस्त करून देत नाही.

## टप्पा ४: उघडण्याआधीचं मोजमाप

हा टप्पा गाळला की पुढे काही जुळत नाही. झाकण बंद असतानाच प्रत्येक शाफ्टचं बाहेरचं टोक धरून आत-बाहेर ढकला आणि किती हलतो ते मोजा. सरळ पट्टी आणि फीलर गेजनेही जमतं. ही एंड प्ले. बॉल बेअरिंगवर फिरणाऱ्या शाफ्टला थोडी हालचाल हवीच. पुस्तकात माप असेल तर तेच धरा, नसेल तर ०.१ ते ०.३ मिलिमीटर हा नेहमीचा हिशोब. आकडा लिहून ठेवा. शेवटी पॅकिंगची जाडी ठरवताना तो लागतो.

मग शाफ्ट वर-खाली ओढा. तशी हालचाल जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे पेटीतलं बेअरिंगचं घर मोठं झालेलं आहे.

## टप्पा ५: उघडणे

झाकणाचे बोल्ट एकदम पूर्ण सोडू नका. समोरासमोरचे, आलटून पालटून, अर्धा अर्धा फेरा. चिकटलेलं झाकण रबरी हातोड्याने कडेकडेने ठोका. पॅकिंगच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची सवय सोडा. त्याने पडलेला ओरखडा म्हणजे पाण्याची नवी वाट.

सावधान: फोर्कच्या दांड्या ओढताना भोकावर तळहात ठेवा. त्यांच्या खाली स्प्रिंग आणि पोलादी गोळी असते. ती उडाली की अंगणात सापडत नाही, आणि बाजारातून आणलेली तंतोतंत त्याच मापाची नसेल तर गिअर सुटत राहतो.

शाफ्ट बाहेर काढला की त्यावरचे गिअर, वायसर, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या), स्पेसर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने जाड तारेत ओवा. प्रत्येक गिअरचं डावीकडचं तोंड रंगाच्या ठिपक्याने ओळखून ठेवा. काही गिअर दोन्ही बाजूंनी सारखे वाटतात, पण एका बाजूला दात्यांची टोकं गुंतायला सोपी जावीत म्हणून उतरती केलेली असतात. उलटा बसला तर तो गिअर नीट पडतच नाही. तारेत ओवलेली माळ कोणी बघायला म्हणून हातात घेऊ नये, एवढी दक्षता घ्या. शेजारी येतात, कुतूहल असतं आणि एक शिम कुठेतरी जातो.

## टप्पा ६: धुणे आणि निवड

सगळं डिझेलमध्ये धुवा, पुसा, आणि लगेच पातळ ऑइलचा हात द्या. किनारपट्टीच्या हवेत कोरडं लोखंड दुपारपर्यंतही टिकत नाही.

बेअरिंग. धुऊन वाळवलं की हाताने हळू फिरवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, कोरडं बेअरिंग त्यात खराब होतं आणि फुटून लागूही शकतं. मग गोळ्या ज्यावरून फिरतात ती आतली वाट उजेडात धरा. खाजनात (खाऱ्या पाण्यालगतच्या शेतजमिनीत) किंवा पाण्याच्या शेतात चालवलेल्या टिलरच्या तळच्या बेअरिंगमध्ये एक खूण हमखास दिसते: वाटेवर आडव्या काळसर रेषा, एकमेकींपासून नेमक्या गोळ्यांच्या अंतरावर. हंगाम संपल्यावर यंत्र पाणी मिसळलेल्या ऑइलसकट उभं राहिलं, पाणी तळाला बसलं, आणि प्रत्येक गोळी जिथे टेकली होती तिथे गंजाने चावा घेतला. हात लावून खडबड जाणवत नसली तरी हे बेअरिंग गेलं म्हणून समजा. वरच्या शाफ्टची बेअरिंग त्याच पेटीत ठणठणीत असतात, म्हणून एक चांगलं दिसलं की सगळी चांगली असं धरू नका.

नवं बेअरिंग आणताना कडेवरचा पूर्ण क्रमांक द्या. ६२०५ आणि ६३०५ या दोघांचंही आतलं माप २५ मिलिमीटर, पण बाहेरचं एकाचं ५२ आणि दुसऱ्याचं ६२. क्रमांकाच्या पुढे सी३ असेल तर तेही सांगा, त्यातली आतली फट वेगळी असते. जे उघडं बेअरिंग होतं तिथे रबरी सीलचं घालून 'जास्त चांगलं' करायला जाऊ नका. गिअरबॉक्समध्ये बेअरिंगला ऑइल मिळायला हवं. बनावट मालाचा सुळसुळाट आहे. बिल देणाऱ्या बेअरिंगच्या दुकानातूनच घ्या, म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही.

गिअर. दात्यांच्या तोंडावर बारीक खड्डे असतील तर हात फिरवा. एखाद-दुसरा टाचणीएवढा खड्डा चालेल. खड्डे एकमेकांना जोडले गेले असतील तर गिअर जोडीने बदला. नवा गिअर जुन्या जोडीदारावर चढवला की दोघेही ओरडतात. सरकत्या गिअरच्या दात्यांची टोकं गोल झाली असतील तर गिअर सुटण्याचं कारण मिळालं. मात्र तेवढ्यावर थांबू नका. टोकं गोल होतात कारण फोर्क पूर्ण ढकलत नाही. फोर्कची बोटं गिअरच्या खाचेत धरून फट बघा, बोटांच्या एकाच बाजूला चकाकी आहे का ते बघा. वाकडा फोर्क तसाच ठेवून घातलेला नवा गिअर वर्षभरात गोल होतो. दात्यांवर वेल्डिंग भरून घासणं हे तर अजिबात नको.

शाफ्टची टोकं. लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. ऑइल सीलची ओठी जिथे टेकते तिथे नख आडवं ओढा. नख अडकलं तर तिथे खाच आहे, आणि कितीही महागडं सील घाला, ते गळणारच. उपाय तीन. खाच उथळ असेल आणि सीलच्या घरात जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवा, म्हणजे ओठी कोऱ्या जागी टेकेल. खाच खोल असेल तर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते. ते शक्य नसेल तर लेथवर भरून, घासून मूळ मापाला आणायचं. हे काम ज्याला सीलच्या जागेची चमक किती हवी ते कळतं अशाच लेथवाल्याकडे द्या. मापाला बरोबर पण खरखरीत शाफ्ट महिन्याभरात सील खातो.

पेटी. ओतीव लोखंडाला तडा असेल तर डोळ्यांना दिसेलच असं नाही. संशयित जागी बाहेरून ओला खडू फासा, वाळू द्या, आतून रॉकेल लावा. तडा असेल तर थोड्या वेळाने खडूवर काळपट रेघ उमटते.

## टप्पा ७: स्टिअरिंग क्लच

हा भाग लोक एकदम शेवटी, दमल्यावर बघतात. मूठ दाबली की त्या बाजूचा पंजा दुसऱ्या पंज्यापासून सुटतो, चाकाची ताकद तुटते आणि टिलर त्या बाजूला वळतो. मूठ सोडली की स्प्रिंग पंजे परत गुंतवते.

पंज्यांचे कोपरे बघा. कोपरे काटकोनात असले पाहिजेत. गोल झाले असतील तर भार आल्यावर पंजे आपोआप सुटतात आणि चिखलात टिलर मनाला येईल तसा वळतो. डावी-उजवी स्प्रिंग शेजारी शेजारी उभी करा. उंचीत फरक दिसला तर दोन्ही बदला. एकच बदलली की एक मूठ जड, एक हलकी.

पंजे गोल होण्याचं कारण बहुतेक वेळा आत नसतं, मुठीच्या वायरीत असतं. वायर ताणून बांधली तर पंजे कधी पूर्ण गुंततच नाहीत, कडेकडेवर चालतात. म्हणून बांधून झाल्यावर मुठीला थोडी मोकळी चाल ठेवायची आणि मगच पुढे जायचं.

## टप्पा ८: बांधणी

हात धुवा, टेबल पुसा, जुनी वर्तमानपत्रं उचलून नवी अंथरा. मग उलट्या क्रमाने सुरुवात.

१. बेअरिंग बसवणे. शाफ्टवर चढवायचं असेल तर दाब आतल्या कड्यावर, पेटीत बसवायचं असेल तर बाहेरच्या कड्यावर. उलटं केलं तर दाब गोळ्यांतून जातो आणि नव्याकोऱ्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खळगे पडतात. घट्ट असेल तर ऑइलच्या भांड्यात, तळाला न टेकवता, ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा. १२० च्या पुढे कधीच नाही. गॅसच्या ज्योतीवर थेट धरू नका. शाफ्ट फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती ऐकायला छान आहे, पण गोव्याच्या हवेत बाहेर काढताक्षणी त्याला घाम फुटतो आणि ते पाणी बेअरिंगखालीच अडकतं.

२. सर्कलिप नवीनच. जुनी ताणलेली असतात. बसल्यावर स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा, खाचेत पूर्ण बसलेली सर्कलिप अडखळत का होईना फिरते.

३. शाफ्ट आणि फोर्क एकत्र उतरवा. गोळी-स्प्रिंग शेवटी, ग्रीसने चिकटवून.

४. कोरडी चाचणी. झाकण पक्कं आवळायच्या आधी, सील घालायच्याही आधी. झाकण हाताने दाबून चार बोल्टवर धरा. न्यूट्रलला मुख्य शाफ्ट फिरवा, एक्सल स्थिर राहिला पाहिजे. मग एकेक गिअर टाका आणि फिरवा, पुढचे सगळे, मागचे दोन्ही. कुठेही एका फेऱ्यात एकदाच अडखळलं तर दात्यात काही अडकलं आहे किंवा शाफ्ट वाकडा आहे. रोटरीचा गिअर टाकून बघा. ज्या टिलरमध्ये मागच्या गिअरला रोटरी अडवणारी सोय आहे तिथे ती खरंच अडवते का ते इथेच तपासा. ती सोय पायांसाठी आहे, काढून टाकू नका.

५. पॅकिंग आणि एंड प्ले. पॅकिंग मूळ जाडीचंच हवं. फाटलं म्हणून पुठ्ठ्याचं जाड कापून घातलं तर शाफ्ट सैल, पॅकिंगऐवजी नुसतं सिलिकॉन फासलं तर शाफ्ट आवळला जातो आणि बेअरिंग तापतात. झाकण आवळून टप्पा ४ सारखंच पुन्हा मोजा. कमी-जास्त असेल तर शिमने जुळवा. पॅकिंगवर चिकट लावायचंच असेल तर पातळ थर, तोही बाहेरच्या अर्ध्या भागावर. आत दाबून निघालेली सिलिकॉनची शेवई तुटून ऑइलच्या वाटा बुजवते.

६. बोल्ट समोरासमोर, तीन फेऱ्यांत. पुस्तकात आकडा नसेल तर एम८ (८ मिलिमीटरच्या) बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४० ते ४५.

७. ऑइल सील सगळ्यात शेवटी. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, पेटीच्या आत. धुळीची दुसरी ओठी असलेलं सील मिळत असेल तर एक्सलला तेच घ्या. शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबीच्या दिशेच्या खाचांवर) पातळ चिकटपट्टी गुंडाळा, ओठीला ग्रीस लावा, दोन ओठींच्या मध्ये ग्रीस भरा. आणि सपाट नळीच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं ठोका. हातोड्याने एका कडेवर ठोकलेलं सील तिरकं बसतं.

तपासा: सीलवर छापलेली तीन मापं आतलं, बाहेरचं आणि रुंदी अशी असतात, मिलिमीटरमध्ये. दुकानदाराने 'हे चालेल' म्हणून रुंदीत वेगळं दिलं तर ओठी कुठे टेकणार ते आधी बघा.

## टप्पा ९: ब्रीदर

गिअरबॉक्सच्या वर एक छोटी टोपी असते, मातीने लिंपलेली, कोणी ढुंकून न बघितलेली. हा ब्रीदर. ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि इथून बाहेर जाते. तो बुजला तर तीच हवा सीलच्या ओठीतून बाहेर पडते. याहून घातक उलटा प्रकार. तापलेला टिलर शेताच्या थंड पाण्यात उतरतो, आतली हवा आकसते आणि पेटी श्वास आत ओढते. ब्रीदर बंद असेल तर तो श्वास एक्सलच्या सीलमधून येतो, आणि चिखलणी करताना एक्सल असतो पाण्याखाली. नवं सील घालूनही पाणी का शिरतं, याचं उत्तर बऱ्याचदा या टोपीत मिळतं.

टोपी काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. नळी चढवायची सोय असेल तर ऑइल सोसणारी रबरी नळी लावून तिचं टोक हँडलच्या उंचीवर, खाली वाकवून बांधा. तोंडाला जाळीचा तुकडा, नाहीतर कुंभारमाशी घर करते.

## टप्पा १०: ऑइल आणि चाचणी

पुस्तकात सांगितलेलंच ऑइल, बहुतेक जुन्या टिलरना एसएई ९० चं गिअर ऑइल. आत पितळेचे बुश असतील तर जीएल-४ दर्जाचं घ्या, जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला त्रास देतात. सपाटीवर पातळीच्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरल्याने जास्त रक्षण होत नाही, ऑइल फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

काढलेलं जळकं ऑइल वाशांना नि दारांना फासायची आपल्याकडे पद्धत आहे. विहिरीजवळ, बांधावर किंवा नाल्यात मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका. मोठ्या गॅरेजकडे जमा होतं तिथे द्या.

चाचणी तीन पायऱ्यांत. पहिली, यंत्र घोड्यांवर, चाकं अधांतरी. इंजिन कमी वेगावर, प्रत्येक गिअरमध्ये दहा मिनिटं. पेटीला हात लावा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करून एंड प्ले पुन्हा मोजा. दुसरी, सपाट कोरड्या जमिनीवर रोटरीशिवाय. मुठी इथेच जुळवा. उतारावर नको, कारण उतरताना मूठ दाबली की ते चाक मोकळं पळतं आणि टिलर उलट्याच बाजूला वळतो. तिसरी, रोटरीसकट कोरड्या शेतात तासभर. थंड झाल्यावर सगळ्या सीलखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. पुठ्ठा कोरडा असेल तरच पाण्यात.

पहिलं ऑइल २० ते २५ तासांनी बदला. नव्या दात्यांचा चुरा त्यात येतो.

## हंगामात आणि हंगामानंतर

खाजनातून बाहेर आलात की टिलर आधी थंड होऊ द्या, मग गोड्या पाण्याने धुवा. गरम असताना पाणी ओतलं तर वर सांगितलेला श्वास पुन्हा. एक्सलभोवतीचं गवत रोज काढा, आठवड्याने नाही.

चिखलणी संपली की ऑइल त्याच आठवड्यात बदला, पुढच्या हंगामाच्या तोंडावर नाही. नवं ऑइल भरून पाच मिनिटं प्रत्येक गिअर फिरवा, म्हणजे वरच्या दात्यांवरही थर बसतो. महिन्यातून एकदा चाकं हाताने थोडी पुढे ढकला, गोळ्या एकाच जागी टेकून राहू नयेत.

आगोटीच्या आधी, यंत्र बरेच दिवस उभं असतानाच, ड्रेन प्लग दोन फेरे सैल करून खाली काचेची बाटली धरा. पहिलं अर्धा वाटीभर घ्या आणि प्लग आवळा. बाटलीत ऑइलच्या खाली पाण्याचा थर दिसला तर कोणतं सील गळतंय ते पाऊस सुरू होण्याआधी शोधायला अजून वेळ आहे. डावा एक्सल आधी बघा, मग उजवा, मग रोटरीचा शाफ्ट.